घाटगे बाईंची रायफल

"रायफल नंतर दाखवते. आधी हात दाखवा," घाटगे बाई म्हणाल्या.

शाळेत नखं तपासायच्या वेळी करायचो तसे मी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली, उजव्या हाताची तर्जनी जरा जास्त वेळ दाबली आणि हात सोडून दिले. माझ्यामागे उभी असलेली माझी बायको उज्ज्वला पदर तोंडाला लावून हसत होती, हे मला मागे न बघताही कळलं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतला बाईंचा बैठा बंगला, फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेअकरा. आम्ही कराडहून खास ती जुनी रायफल बघायला गेलो होतो. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात अभियंता होतो आणि वय सेहेचाळीस होतं. त्याच्या दोन वर्षं आधी डॉक्टरांनी रक्तदाबावर उपाय म्हणून मन एकाग्र होईल असं काहीतरी करा, असं सुचवलं होतं. त्यांच्या डोक्यात ध्यानधारणा होती. पण डोळे मिटून बसण्यात मला काही राम वाटेना, म्हणून मी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. दहा मीटरवर टांगलेल्या कार्डावरच्या काळ्या ठिपक्यात हवेच्या रायफलीनं छर्रे मारायचे, एवढाच तो खेळ. रक्तदाब होता तिथंच राहिला. पण प्रौढांच्या गटातून जिल्ह्याच्या संघात जायचं, हे वेड मात्र डोक्यात शिरलं.

तीनदा निवड चाचणी दिली आणि तिन्ही वेळा थोडक्यात राहिलो. पहिल्या वेळी कारण होतं क्लबची रायफल. दुसऱ्या वेळीही तीच. तिसऱ्या वेळी रायफल आणि ट्यूबलाइट. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कालवा गळायला लागला की सिमेंट वाईट निघतं, दरवाजा अडकला की पोलाद वाईट निघतं, अभियंता वाईट निघाल्याचं एकाही अहवालात सापडत नाही. तेव्हा दोष रायफलीचा आहे यावर माझी श्रद्धा होती. नवी जर्मन रायफल मला झेपणारी नव्हती. मिरजेच्या एक बाई आपली वापरलेली विकणार आहेत, अशी चिठ्ठी क्लबच्या फळ्यावर दिसली आणि त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना सांगून टाकलं, "पुढच्या रविवारपासून मी आपल्या स्वतःच्या रायफलीवर." त्यामुळे मिरजेहून रिकाम्या हातानं परत जायची सोयच उरली नव्हती.

उज्ज्वला का आली होती? तर पैसे निम्मे तिच्या शिवणकामाचे होते. "निम्मे पैसे माझे, तर बघायला मी येणार," ती म्हणाली होती. घरात येणारी प्रत्येक वस्तू, मग ते वांगं असो की वॉशिंग मशीन, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत येत नसे.

घाटगे बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि एनसीसीही बघायच्या. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. उंच, सडसडीत, केस पांढरेशुभ्र. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन फसलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. समोरच्या माणसाचा आकार दिसतो, नाकडोळे दिसत नाहीत, असं त्यांनीच आल्या आल्या सांगून टाकलं.

"तुमच्या आधी चौघं येऊन गेली," बाई म्हणाल्या. "एकाला ती दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवायची होती. एकानं विचारलं, हिनं ऊसातली डुकरं पळतील का? चौघांनाबी चहा पाजला आणि वाटेला लावलं. माझी अट सोपी हाय. टेबलावर टेकवून दहा छर्रे मारायचे. ग्रुप कसा पडतो ते ऐकून मी ठरवणार, द्यायची का नाही."

"म्हणजे घ्यायची की नाही हे मी ठरवायचं नाही?"

"तुम्ही घ्यायचं ठरवा, मी द्यायचं ठरवते. जमलं तर जमलं."

ग्रुप म्हणजे काय, ते इथंच सांगतो, कारण सगळं घोडं पुढे तिथंच अडलं. दहा छऱ्यांची दहा भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली, तो ग्रुप. ती ठिपक्याच्या मधोमध पडली की एका बाजूला, हा निराळा प्रश्न आहे आणि फार किरकोळ आहे. रायफलीवर मागच्या बाजूला नेम धरायची साइट असते, तिच्या घुंड्या चार क्लिक इकडे, चार क्लिक तिकडे फिरवल्या की सगळा ग्रुप मधोमध आणता येतो. पण भोकं जवळजवळ पडणं कुठल्याही घुंडीनं होत नाही. तिथं नळी सरळ लागते आणि माणूस स्थिर लागतो.

बाईंनी कपाटातून पेटी काढून दिली. मी घरून तपासणीची यादी करून आणली होती. खिशातून टॉर्च काढला. नळीत डोकावलो, हवेच्या सिलेंडरवरची तारीख वाचली, स्क्रू हलवून पाहिले. खोट काढायला जागाच सापडेना. शेवटी लाकडी दस्त्यावर एका ठिकाणी पॉलिश उडालेलं सापडलं.

"इथं घासलीय," मी म्हणालो.

"तिथं माझा गाल असायचा," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं."

उज्ज्वला मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "गप बसा की जरा."

बंगला आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक लांबलचक बोळ होता, वर पत्रे घातलेला. या टोकाला टेबल, त्यावर वाळूची उशी. त्या टोकाला लोखंडी पेटी आणि पेटीच्या तोंडावर कार्ड. बाई वेताच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बिचाऱ्यांना डुलकी लागली असेल असं मला वाटलं.

मी पहिला छर्रा मारला. गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावून बघितलं, तर उजवीकडे गेला होता. घुंडी डावीकडे फिरवली. दुसरा डावीकडे गेला. घुंडी उजवीकडे फिरवली. तिसरा खाली गेला. असा मी प्रत्येक छऱ्यामागे घुंडी फिरवत राहिलो. नेमबाजीत याला साइट पळवणं म्हणतात, आणि ते करू नये हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं. पण तो नियम चांगल्या रायफलीसाठी असतो, असा माझा समज होता. नववा छर्रा पार उजव्या कडेला गेला तेव्हा मी चिडून घुंडी डावीकडे गरागरा फिरवली, दहावा कसाबसा मारला आणि उठलो.

कार्ड काढून आणलं. बेरीज चौऱ्याऐंशी. टेबलावर टेकवून शंभरातले चौऱ्याऐंशी, म्हणजे कुणाला सांगण्यासारखे नव्हते.

"ग्रुप?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"पसरलाय. रायफल फेकतेय बाई. कधी इकडं, कधी तिकडं."

"फेकतेय?"

"हो. स्पष्ट जाणवतंय."

बाईंनी डोळे उघडले. मग उज्ज्वलाच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही बसा बघू. रायफल फेकतेय का माणूस, ते दुसऱ्या हातानं कळतं."

"अगं बाई! मी?" उज्ज्वला दोन पावलं मागे सरकली. "मी जत्रेत फुगा नाही फोडलेला कधी."

"मग तर बरंच. वाईट सवयी नसतील. काय करता तुम्ही?"

"ब्लाउज शिवते."

"बसा."

उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. मी उदारपणे मान हलवली. तिनं पदर खोचला, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसली. बाई उठून तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथंच थांबायचं. घोडा ओढायचा न्हाई. दाबत ऱ्हायचं. कधी सुटला ते आपलं आपल्याला कळता कामा नये."

"सुई ओवताना श्वास धरतो, तसा?"

"तस्साच."

मी नवीन कार्ड लावून आलो. उज्ज्वलाला दुर्बीण देऊ केली, तर म्हणाली, "नको, ती धरू का ही धरू? काळा ठिपका दिसतोय तेवढा पुरे." दहा मीटरवरून काळ्या ठिपक्यातली भोकं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपले छर्रे कुठं जाताहेत याचा तिला पत्ता नव्हता, आणि दुर्बिणीतून बघायची तसदी मीही घेतली नाही. साइटच्या घुंड्या मी शेवटी कुठं सोडल्या होत्या, हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं. तिनं दहा छर्रे मारले. सावकाश, एकेक, मध्ये एकदा थांबून हात साडीला पुसून. बाई पुन्हा खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसल्या होत्या.

मी कार्ड आणायला गेलो.

कार्डावर एकच भोक होतं. शेंगदाण्याएवढं, कडा जराशा फाटलेल्या. मला आधी वाटलं, बाकीचे नऊ कार्डाबाहेर गेले. वाकून पेटीभोवतीची भिंत बघितली. भिंत कोरी होती. दहाच्या दहा छर्रे त्या एका भोकातून गेले होते, आणि ते भोक ठिपक्याच्या मध्यापासून डावीकडे होतं, जिथं मी चिडून फिरवलेल्या घुंडीनं त्यांना पाठवलं होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की रायफल एक नंबर आहे. शपथेवर सांगतो, हाच पहिला आला. अशी नळी पुन्हा मिळायची नाही, घ्यायचीच. दुसरा विचार यायला अर्धा क्षण लागला. रायफल एक नंबर असेल, तर मग मी काय होतो?

परत यायला पंधरा पावलं होती. त्या पंधरा पावलांत मी बेरीज केली. भोक डावीकडच्या सातच्या कड्यात होतं, दोन छर्रे आठला चाटून गेलेले. बेरीज बहात्तर. माझे चौऱ्याऐंशी. मी कार्डाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

"किती?" उज्ज्वला उठून उभी राहिली होती. चेहरा लाल झाला होता.

"बहात्तर."

"आणि तुमचे?"

"चौऱ्याऐंशी."

"बघा!" ती हसली, पण तो लाल रंग उतरला. "मी म्हणतच होते, हे माझं काम नव्हे."

तोवर मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो. ते कार्ड कुठल्याही पंचापुढे ठेवलं असतं तरी त्यानं बहात्तरच दिले असते. पण बाईंनी विचारलं, "ग्रुप?"

"विस्कटलाय," मी म्हणालो. "पहिलीच वेळ ना."

बाई कार्ड मागतील म्हणून मी छातीवर हात ठेवून उभा राहिलो. त्यांच्या बोटांना ते भोक लगेच कळलं असतं. त्यांनी मागितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता काय? घ्यायची का?"

"घेतो की."

"फेकते म्हणालात ना?"

"तेवढं मी सांभाळून घेईन."

"आणि मला वाटलं, मी न्हाई म्हणेन म्हणून घाबरला असाल," बाई म्हणाल्या. "देणार हाय मी. ये गं, चहा करू. मला गॅसची ज्योत नीट दिसत न्हाई."

दोघी आत गेल्या. मी रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं, पुन्हा उघडून बघितली. आतून कपबशांचे आणि बाईंच्या बोलण्याचे आवाज येत होते. चहा व्हायला बराच वेळ लागला. उज्ज्वला ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे जरा ओले दिसले. शेगडीचा धूर असेल असं मला वाटलं. बाईंकडं गॅस होता, हे मला कितीतरी दिवसांनी सुचलं.

पैशांचं पाकीट उज्ज्वलाच्या पर्समधून निघालं. बाईंनी पावतीपुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "तूच लिही, मी सही करते. घेणाऱ्याच्या जागी आपलं पूर्ण नाव घाल."

"बाई, नाव माझं घालायचं," मी म्हणालो. "क्लबात मी असतो."

"पाकीट कुणाच्या पर्समधनं निघालं?"

"हिच्या."

"मग? घरातलीच वस्तू. तुम्हाला कुणी वापरायला अडवणार हाय का?"

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून सोडून दिलं. त्या क्षणी त्यांनी सातबारा मागितला असता तरी मी दिला असता. उज्ज्वलानं लिहिलं, सौ. उज्ज्वला वसंत पिसाळ. बाईंनी अंदाजानं सही केली आणि निघताना तिच्या गालावरून हात फिरवला. मला फक्त "सावकाश जा" म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना आष्टा येईपर्यंत मीच बोलत होतो. क्लबात कोण काय म्हणेल, चाचणी कधी आहे, जॅकेट आता बदलायला हवं. उज्ज्वला खिडकीतून उसाच्या गाड्या बघत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगाल?"

"विचार की."

"माझे सगळे अगदीच इकडंतिकडं गेले होते का हो? मला आपलं वाटत होतं, एकाच जागी जाताहेत."

पुढे एक ट्रॅक्टर होता. त्याला ओलांडेपर्यंत मला बोलता येत नव्हतं असं समजा. ओलांडून झालं तरी मी आणखी थोडा वेळ रस्त्याकडंच बघत राहिलो.

"सुरुवातीला तसं वाटतं सगळ्यांना," मी म्हणालो.

"तुम्हालापण वाटायचं?"

"हो तर."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. इस्लामपूर मागे पडल्यावर पुन्हा म्हणाली, "म्हणजे दोनसुद्धा जवळजवळ नव्हते?"

"अगं, पहिल्यांदा बहात्तर म्हणजे काही वाईट नाही," मी समजूत घातली. माझ्या आवाजात इतका मायेचा ओलावा होता की माझं मलाच भरून आलं.

"बरं," ती म्हणाली.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो. ती हात धुवायला गेली तेव्हा मी टपरीवाल्याच्या शेगडीत ते कार्ड टाकलं. बोटभर ज्वाळा उठली आणि विझली. मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती रात्री अंथरुणात वाटली, आणि पुढे अधूनमधून वाटत राहिली. पण सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता गोष्ट इतकी जुनी झाली की सांगायला निमित्तच उरलं नाही.

ती रायफल मी बारा वर्षं वापरली. जिल्ह्याच्या संघात निवड झाली नाही. आता रायफलीला नावं ठेवता येत नव्हती, त्यामुळे मी बुटांना ठेवली, मग छऱ्यांच्या डब्यांना, मग नव्या पंचांना. घाटगे बाई मध्येच कधीतरी वारल्या. उज्ज्वला एकटीच मिरजेला जाऊन भेटून आली. रायफल तिनं पुन्हा हातात मागितली नाही. दर दिवाळीला पेटी पुसायची, एवढंच.

गेल्या वर्षी मानेचा आजार बळावला आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. विट्याचे एक गृहस्थ मुलीसाठी रायफल घ्यायला तयार झाले. पावती उज्ज्वलाच्या नावाची, तेव्हा विक्रीच्या कागदावर सही तिचीच लागणार होती. कागद घेऊन मी तिच्यापुढे बसलो. ती शेंगा सोलत होती. आता ही वस्तू घरातून गेली की सांगायची शेवटची संधी जाईल, असं मला वाटलं. म्हणून सांगायला तोंड उघडलं.

"उज्ज्वला, त्या दिवशी मिरजेला तुझा ग्रुप..."

"एकाच भोकात होता," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी. चहा करताना. तिसऱ्या छऱ्यानंतर कागद वाजलाच नाही म्हणाल्या, भोक आधीच पडलेलं, नुसती पेटी वाजत होती. तुमच्या वेळी दहाही वेळा कागद वाजला."

मी गाडीतला तो रस्ता आठवला. ट्रॅक्टर, इस्लामपूर, तिचा तो शांत आवाज.

"म्हणजे मला विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

"दोनदा विचारलं."

"आणि मी खरं सांगितलं असतं तर?"

तिनं शेंग सोलायची थांबवली. खरंच विचार केला.

"तर तुम्हालाच दिली असती की," ती म्हणाली. "मला कुठला वेळ होता? लग्नसराई तोंडावर आली होती, चाळीस ब्लाउज पडले होते. म्हटलं असतं, ही माझी आहे, आणि तुम्ही वापरा. मनात ठरवूनच गाडीत बसले होते मी. नुसतं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

तिनं हात झटकले, पेन उघडलं आणि कागद स्वतःकडं ओढला.

"सही कुठं करायची?"

मी जागा दाखवायला बोट ठेवलं. ते थरथरत होतं. ती बोटाकडं बघत राहिली, तेव्हा मी तिला सांगितलं की वयामुळं होतं असं.